उत्तराची ओवी

आई, तुझी ओवी मी मध्यंतरी पुण्यात ऐकली. गार केलेल्या मोठ्या हॉलमध्ये, मऊ खुर्चीत बसून, अनोळखी माणसांच्या गर्दीत. तू म्हणशील, माझी ओवी पुण्याला कशी गेली, मी तर कधी शिरूरच्या बाजारापुढं गेले नाही. तेच सांगायला बसलोय. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या हातचं खाल्लेली माणसं आता मी आणि अक्का, अशी दोघंच उरलोत. अक्काशी हे बोलता येत नाही, कारण जे झालं ते तिच्याच घरात झालं. बायको असती तर तिच्याशी बोललो असतो, पण तीही आता तुझ्याकडं आहे. म्हणून तुला. मला राग आलाय, आणि राग आला की मी एक सांगता सांगता दुसरीकडंच निघून जातो, हे तुला माहीतच आहे. तसा गेलो तर मागं ओढ.

पहिल्यांदा त्या सकाळचं बोलू, कारण सगळं तिथून सुरू होतं. लग्न होऊन थोडेच दिवस झालेत. माझी बायको तापातून नुकती उठलीय, अंगात उभं राहायची ताकद नाही, म्हणून तूच तिला म्हणालीस की नीज, उठू नको. अक्का माहेरपणाला आलेली. तुम्ही दोघी मायलेकी जात्यावर समोरासमोर बसलात, एकच खुंटा दोघींच्या हातात, आणि मी ओसरीवर आरसा खिळ्याला टांगून दाढी करतोय. ऊन अंगणात उतरलंय. तू एक मूठ ज्वारी वैरलीस, माजघराकडं तिरक्या डोळ्यानं बघितलंस आणि उगीच आवाज चढवून म्हणालीस:

दीस आला माथ्यावरी, सून निजली घरामंदी,
सासूबाईची हाडं गं, दळून गेली पिठामंदी.

अक्का तोंडाला पदर लावून हसतेय. माझा हात गालावरच थांबला. आता घरात काय होतंय, नवी पोर रडते की काय, अशी मला धास्ती. आणि तुला आठवतं ना, माजघरातून ती आली. त्या घरात तोवर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. केस विसकटलेले, अंगावर वाकळ तशीच गुंडाळलेली. आली ती सरळ तुझ्यासमोर बसली, अक्काला सरकवून खुंट्याला हात घातला आणि म्हणाली:

सासूबाईच्या हाडांची, भाकर कशी टम्म फुगं,
निजलेल्या सुनंसाठी, सासू लोणी राखू लागं.

तू इतकी हसलीस की मूठभर पीठ जमिनीवर सांडलं. मग हसता हसता तिच्या कपाळाला हात लावून बघितलंस आणि म्हणालीस, “ताप गेला गं बया! जिभंला धार आली म्हंजी ताप गेला.” त्या दिवसापासून ती तुझी सून झाली. त्याच्या आधी नुसती माझी बायको होती.

आणि मग शेजारच्या काकूंचं. भिंतीपलीकडून त्यांनी पहिली ओवी ऐकली, दुसरी ऐकायला थांबल्या नाहीत, घोडनदीवर धुणं घेऊन गेल्या आणि साऱ्या बायकांत सांगून आल्या की म्हातारीनं नव्या सुनेला ओवीतनं शिव्या घातल्या. दुपारी तुझ्या कानावर आलं. तू भांडली नाहीस. त्यांच्या दारात जाऊन उभी राहिलीस आणि एवढंच म्हणालीस, “अर्धी ओवी नेलीस, ऱ्हायलेली अर्धी कोन न्हेनार? आता जिथं जिथं पयली सांगितली, तिथं तिथं जाऊन दुसरी सांगून ये. तवा माज्या दारात ये.” आणि त्या गेल्या, आई. घरोघर गेल्या. संध्याकाळी आपल्या ओसरीवर येऊन बसल्या तेव्हा तू त्यांना गूळपाणी दिलंस. आपल्याकडं ती रीतच होती. जात्यावरची चेष्टा म्हणजे एकीनं टाकायची आणि दुसरीनं झेलायची. एकटी ओवी म्हणजे शिवी. उत्तर आलं की ती घरातली गंमत. जिच्यावर म्हटली तिनं खुंट्याला हात लावला की विषय मिटला, त्याच्यानंतर तो शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही.

मी मात्र तेव्हा त्या ओव्यांना कविता मानत नव्हतो. माझ्या कविता शाळेच्या पुस्तकातल्या, चालीवर म्हणायच्या, डोळे मिटून घोकायच्या. दौंडला रेल्वेत मालाच्या ऑफिसात आयुष्य गेलं. मालगाडीच्या वाघिणी मोजता मोजता मी त्या कविता पुटपुटायचो आणि बरोबरचे लोक म्हणायचे, साहेब परत सातवीत गेले. आजही दुपारी डोळा लागता लागता त्या वर्गाची खिडकी दिसते, बाहेरची चिंच दिसते, आणि आमचे मराठीचे गुरुजी दिसतात. गुरुजी कडक. परीक्षेत एक ओळ द्यायचे आणि विचारायचे, संदर्भासह स्पष्टीकरण द्या. कोण, कोणास, केव्हा म्हणाले? अर्थ कितीही सुंदर लिहिलात आणि संदर्भ लिहिला नाहीत, तर गुण शून्य. एकदा मी भांडलो की गुरुजी, अर्थ तर बरोबर आहे. ते म्हणाले, “दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य उचललंस ना? मग तो माणूस कुठं उभा होता ते आधी सांग.” हे सातवीच्या पोराला कळत होतं. पुण्याच्या त्या सिनेमावाल्याला कळलं नाही. नाही, चुकलो. त्याला कळत होतं. रागाचं कारण तेच आहे.

तो माहितीपट करणारा. वय चाळिशीच्या आत, दाढी राखलेली, बोलायला साखर. इनामगावला पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची घरं सापडली, त्यांचे दळायचे दगड सापडले, हे तर तुझ्या काळातही ऐकत होतो. त्याला ते दगड दाखवून पुढं आजच्या बाईचं जातं दाखवायचं होतं. फिरत फिरत तो अक्काच्या गावी आला, तेही घोडनदीच्याच काठाला. कुणीतरी त्याला अक्काचं घर दाखवलं, कारण त्या गावात जातं अजून जागेवर बसवलेलं तिच्याच घरात आहे. तेसुद्धा डाळ भरडायला आणि कुणाच्या लग्नात हळदीला. भाकरीचं पीठ गिरणीतून येतं. अक्कानं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, “बाळा, आता कोन दळतंय? बटन दाबलं की पीठ. पन तू एवढ्या लांबनं आलास, तुज्यासाठी दळते दोन मुठी.” सिनेमात मात्र अक्का रोज दळते. सिनेमात त्या गावात गिरणीच नाही.

ते लोक बरेच दिवस येत-जात राहिले. तो, कॅमेऱ्यावाला, आणि आवाज धरणारी एक मुलगी. अक्कानं त्यांना पिठलं-भाकरी केली, ठेचा केला, येताना-जाताना हातावर दही ठेवलं. तो तिला “आज्जी” म्हणायचा, पाया पडायचा. एक कागद पुढं केला. भाच्यानं सही केली, अक्कानं अंगठा दिला, अक्काच्या सुनेनं उभ्या उभ्या सही केली आणि चहा टाकायला गेली. तू म्हणशील, वाचला का नाही? आई, पाहुणा चुलीजवळ बसून जेवलाय, आणि त्यानं दिलेला कागद त्याच्यासमोर अक्षर अक्षर वाचत बसायचं? आपल्यात तो त्याचा अपमान. त्याच्या पोटात काय आहे असा संशय. आपली माणसं इथंच फसतात. ज्याला जेवू घातलं तो आता घरचा, आणि घरचा माणूस घरची लाज राखणारच, असं आपण धरून चालतो.

आता अक्काच्या सुनेचं सांगतो. तू तिला पाहिलेलं नाहीस. मला ती फार आवडते. रांजणगावला कंपनीत कामाला आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. रात्रपाळी असली की सकाळी कंपनीची बस फाट्यावर सोडते, ती घरी येते, सगळ्यांचं आवरते, भाच्याचा डबा भरते आणि मग माजघरात आडवी होते ती दुपारपर्यंत. अक्का त्या वेळात कोंबडीलासुद्धा ओरडू देत नाही. मी एकदा मोठ्यानं कविता म्हणत आत शिरलो तर मलाच म्हणाली, “गप रं, पोरगी आत्ताच पडलीय. तुजी कविता काय पळून जातीय?”

तर शूटिंगच्या त्या दिवशी मी तिथं होतो. दौंडहून न्हावऱ्यामार्गे एस.टी.नं गेलो होतो, कारण त्यानंच फोन करून बोलावलं होतं, “काका, ओव्यांचा अर्थ तुमच्याकडून समजून घ्यायचाय.” अक्का जात्यावर बसली. काय म्हणू, काय म्हणू करत होती. मग माजघराकडं बघून तिला तीच आठवली, तुझी. “दीस आला माथ्यावरी.” सून आत झोपलेली, रात्रपाळीची. ती जागी झाली, आणि आई, काय सांगू, अगदी तशीच आली. केस तसेच, डोळ्यांत झोप तशीच. येऊन अक्कासमोर बसली, खुंटा धरला आणि माझ्या बायकोची ओवी म्हणाली. अक्कानंच तिला शिकवलेली. दोघी दोन-तीन वेळा फिरवून फिरवून म्हणाल्या. शेवटी सून म्हणाली, “आत्याबाई, लोनी कुठंय पन? नुसतंच गाण्यात!” अक्का म्हणाली, “आदी पगार आन, मंग लोनी खा!” कॅमेऱ्यावालासुद्धा हसला. ती आवाजवाली मुलगी तर डोळे पुसत हसली. मी डोळे मिटून बसलो होतो. मला वाटत होतं की मी आपल्या ओसरीवर आहे, गालाला साबण लावलेला. नंतर मी त्याला बसून सगळं सांगितलं. पहिली कुणाची, दुसरी कुणाची, उत्तराशिवाय ओवी कशी नासते, शेजारच्या काकूंना तू घरोघर कसं फिरवलंस. तो मान डोलवत होता. म्हणाला, “काका, हे सोनं आहे.”

त्यानं सांगितलं होतं की सिनेमा आधी गावात दाखवू, मारुतीच्या देवळासमोर पडदा बांधून. अक्कानं त्यासाठी नवं लुगडं काढून ठेवलं होतं. पुढं काहीच कळलं नाही. फोन केला की “एडिट चाललंय.” मग एके दिवशी त्याचाच फोन आला, पुण्यात पहिला खेळ आहे, या. मी म्हणालो, अक्का आणि सून? तर म्हणाला, “आज्जींना एवढ्या लांब कशाला त्रास, काका? तुम्ही या.” मी दौंडहून गाडीनं गेलो, इस्त्रीचा सदरा घालून, कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखा.

हॉलमध्ये अंधार झाला. टेकाडावरची माती दिसली, जुने दगड दिसले, घोडनदीचं पाणी दिसलं. सुंदर होतं, खोटं का बोलू? मग अक्काचा हात आला, खुंट्यावर. नुसता हात, शिरा सुटलेला. आणि ओवी. “सून निजली घरामंदी” म्हणताना पडद्यावर माजघर आलं. सून झोपलेली. तोंड उघडं, पाय वाकळेबाहेर. भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, भर दुपारचं. रात्रपाळी नाही, कंपनीची बस नाही, सकाळी आवरलेलं घर नाही. मग परत अक्काचा हात. “सासूबाईची हाडं गं, दळून गेली पिठामंदी.” जात्याची घरघर वाढत गेली आणि एकदम थांबली. काळोख. मी वाट बघतोय. आता ती येईल, आता बसेल, आता खुंटा धरेल. पुढं एकदम नदी आली. नदीवर बगळे. माझ्या शेजारची बाई “च्च च्च” करून कुजबुजली, “बिचारी म्हातारी. आजकालच्या मुली!” आई, मी माझ्या बायकोची वाट बघत होतो, आणि तिच्या जागी बगळे आले.

खेळ संपला तेव्हा त्यानं मला उभं केलं. “हे आज्जींचे भाऊ!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला सांगायचं होतं, ओरडायचं होतं, पण टाळ्या संपायच्या आत त्यानं दुसऱ्या कुणाला तरी उभं केलं. बाहेर गाठून विचारलं, दुसरी ओवी कुठंय? तो हसून म्हणाला, “काका, तो पार्ट खूप गोड होता. आम्ही खूप ट्राय केलं. पण त्या हसण्यानं फिल्मचा मूड तुटत होता.” मूड! दोन बायका एका घरात ज्या हसण्यावर नांदतात, त्या हसण्यानं त्याचा मूड तुटत होता. मी म्हणालो, आणि पोरगी झोपलेली दाखवलीस ती? तिला विचारलंस? तो म्हणाला, “त्यांची सही आहे ना, काका.” आणि कुणीतरी हाक मारली म्हणून गेला.

इथवर असतं तरी मी गिळलं असतं. पुण्यातल्या हॉलमधल्या माणसांना अक्काचं गाव कुठं माहीत आहे? पण त्या लोकांनी सिनेमाची जाहिरात म्हणून नेमका तेवढाच तुकडा मोबाईलवर सोडला. शिरूरपासून रांजणगावपर्यंत एकही ग्रुप राहिला नाही. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते तुला सांगत नाही. कंपनीच्या बसमध्ये पोरीला बायका विचारायला लागल्या, “काय गं, आज डब्यात सासूची हाडं हायेत का?” कॅन्टीनमधला परप्रांतातला पोरगा, बिचाऱ्याला त्यातला एक शब्द कळला नसेल, तोही म्हणाला, “भाभी, आप ही हो ना वो सोनेवाली?” तिच्या वडिलांना पाटसला कुणीतरी दाखवलं. ते गाडी घेऊन आले. अक्काला एक शब्द बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, “लेक न्हेतो चार दिवस.” चार दिवसांचे आठवडे झाले. तिथून ती कामावर जायची, पाटसहून रांजणगाव, दोन गाड्या बदलून. अक्कानं पहिल्यांदा अन्न कमी केलं आणि मग बोलणं. मी गेलो तर म्हणाली, “म्या कशाला म्हनले रं? म्या कशाला त्वांड उघाडलं?” मी म्हणालो, अक्का, तू काही चुकीचं केलं नाहीस. ती म्हणाली, “मंग पोरगी का गेली?”

मी पाटसला गेलो. कारखान्याचा हंगाम चालू होता, रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग, हवेला मळीचा वास. भाचेसून अंगणात कपडे वाळत घालत होती. मला बघून पदर सावरला, पाणी दिलं. मी म्हटलं, “अक्कावर राग धरू नको गं.”

ती म्हणाली, “मामा, आत्याबाईंवर कशाला राग धरू? त्यांनी म्हनली, मी उत्तर दिलं, आमचं तिथंच फिटलं. पन लोकांना मी काय सांगू? बसमधल्या एकेकीला गाठून दुसरी ओवी म्हनून दाखवू का?”

मग दुसरा कपडा झटकला. चिमटा लावता लावता म्हणाली, “आन् ते झोपलेलं. मामा, माणूस झोपंत कसं दिसतं ते त्याला सोताला बी ठावं नसतं. माझं आता सगळ्या कंपनीला ठावं हाय. मी तिथं आता कुनाकडं वर बघून बोलत न्हाई.”

तिच्या वडिलांनी आतून विचारलं, “त्याच्यावर केस करता येती का ओ, मामा?” ती म्हणाली, “नगं अण्णा. केस केली तर परत तेच लावतील टीव्हीवर.”

तिथून परत आल्यावर त्या सिनेमावाल्याला फोन लावला. उचलेना. लावत राहिलो. शेवटी उचलला. मी म्हणालो, फार काही मागत नाही. झोपलेली पोर काढ. आणि ती हसतानाची दुसरी ओवी, जशी झाली तशी, पहिलीच्या पाठीला लाव. तो म्हणाला, “काका, फिल्म लॉक झालीय. फेस्टिव्हलला गेलीय. आता एक फ्रेमसुद्धा हलवता येत नाही.” मी म्हणालो, मग मोबाईलवरचा तुकडा तरी काढ. “तो आमच्या हातात राहिला नाही, काका. पण तुम्ही पॉझिटिव्ह बघा ना. आज्जींचं किती कौतुक होतंय! लोकांच्या डोळ्यांत पाणी येतंय.” मी विचारलं, तू अक्काला फोन केलास का? पोरीला केलास? “नाही, म्हणजे… मला वाटलं त्या बिझी असतील.” मी म्हणालो, तिच्या हातचं पिठलं खाताना बिझी नव्हती का? तो म्हणाला, “काका, ही एका सासू-सुनेची गोष्ट नाहीये. ही सगळ्या स्त्रियांची गोष्ट आहे.” आई, सगळ्या स्त्रियांची गोष्ट सांगताना त्यानं नेमक्या दोघींचं तोंड बंद केलं. मी म्हणालो, “आमच्या शेजारच्या काकूंना अक्षरओळख नव्हती. तरी त्या घरोघर गेल्या. तुला कॅमेरा येतो, तू एका घरी जा.” आणि फोन ठेवला. या वयात राग सोसत नाही, पण यायचा तो येतोच.

तो वाईट माणूस आहे असंही म्हणता येत नाही, याचाच मला जास्त संताप येतो. वाईट असता तर अक्कानं ओळखला असता. अशी माणसं ती उंबऱ्यावरूनच परत पाठवते. हा रडला होता तिथं. जात्याचा आवाज ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी पाहिलं. पण त्याचं प्रेम जात्यावर, हातावरच्या शिरांवर. ते हात ज्या बाईचे, तिला उद्या सकाळी त्याच गावात, त्याच सुनेबरोबर उठायचंय, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. तो गाडीत बसून गेला की त्याच्या लेखी गाव संपलं. आपण साधं मडकं कुणाचं मागून आणलं तर परत देताना धुऊन देतो, रिकामं देत नाही, आत चार दाणे घालतो. यानं दोन माणसं नेली. परत देताना कशी दिली बघ. परत दिलीच कुठं? नेली तिथंच टाकली.

तो आला नाहीच. सून मात्र परत आली. आपली आपण आली, कुणी आणायला गेलं नाही. अक्का जेवत नाही असं भाच्यानं फोनवर सांगितलं, आणि ती पाळी संपवून सरळ पिशवी घेऊन हजर झाली. मला वाटलं, सुटलो. मागच्या आठवड्यात बघायला गेलो. घर स्वच्छ, चहा वेळेवर, सगळं जागच्या जागी. सून म्हणते, “आत्याबाई, च्या घ्या.” अक्का म्हणते, “ठिव गं बाई, घेते.” “अजून साखर देऊ का?” “नगं, पुरं हाय.” असं दिवसभर. एकमेकींना इतकं जपतात की बघवत नाही. रात्रपाळीहून आली की सून आता दाराला आतून कडी लावून झोपते, एवढ्या उकाड्यात. अक्का ओसरीवर बसून राहते, तोंडातून शब्द काढत नाही. मी मुद्दाम म्हणालो, “अगं, सून बघ किती वेळ झोपलीय, म्हण की काहीतरी.” अक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली. म्हणाली, “पुन्यांदा असं बोलू नगंस या घरात.” ज्या घरात दिवसातून दहा वेळा एकमेकींची उणीदुणी काढून हसत होत्या, त्या घरात आता पाहुण्यांसारखं बोलतात. भांडण मिटलंय म्हणतात गावात. आई, भांडण नव्हतंच. जे होतं ते गेलंय.

मी आता तुझंच काम करतोय. अर्धी ओवी जिथं गेली तिथं जातो. दौंडमध्ये ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला, न्हावऱ्याला एस.टी.त शेजारी बसलेल्याला, शिरूरला चहाच्या टपरीवर. मोबाईल काढा म्हणतो, तो तुकडा आहे का बघा, माझ्यासमोर काढून टाका. मग दुसरी ओवी म्हणून दाखवतो. माझा आवाज फाटलेला, लोक हसतात. “बाबा कवितेचं येडं हाय,” म्हणतात. हसू देत. पण काढून टाकतात बरेचसे. नाही टाकला तर मी हलत नाही तिथून.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, आणि टाकणारही नाही. पण तुझ्याशी खोटं बोलून कागद मिटता येत नाही, म्हणून एवढं सांगतो. सगळ्यांना काढायला लावतो, पण माझ्या मोबाईलमधला तो तुकडा मी काढलेला नाही. तुझा आवाज कुणी कधी धरून ठेवला नव्हता, आई. आणि अक्का म्हातारी झाल्यापासून ओवीच्या पहिल्या ओळीला तिचा गळा हुबेहूब तुझा होतो. मी मोबाईल गादीवर पालथा ठेवतो, म्हणजे ती पोर दिसत नाही, आणि ऐकतो. पालथा ठेवला तरी ती त्यात झोपलेलीच असते, हे मला कळतं. उद्या काढीन म्हणतो. काल पण म्हणालो होतो.